रसद की सांगावा? अमिनो आम्लं आणि प्रतिकारशक्ती : एक आढावा

१९८४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ वैद्यकीय महाविद्यालयातल्या एल्मर फेफरकॉर्न यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या बशीत माणसाच्या पेशी वाढवलेल्या होत्या आणि त्या पेशींच्या आत टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी होता. संसर्ग झाल्यावर आपल्या टी पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रथिन सोडतात. ते बशीत घातलं की परजीवीची वाढ थांबायची. ती का थांबते याचा माग काढताना दिसलं, की इंटरफेरॉन मिळताच पेशी स्वतःजवळचं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मोडून टाकू लागतात. परजीवीला ते बनवता येत नाही, म्हणून तो उपाशी राहतो. बशीत वरून भरपूर ट्रिप्टोफॅन घातलं की त्याची वाढ पुन्हा सुरू व्हायची.

शत्रू मुलखात शिरला की वैरण-धान्य जाळून त्याची रसद तोडायची, ही रीत दख्खनच्या लढायांमुळे आपल्या ओळखीची आहे. पण मुलूख उजाड केला की उपासमार एकट्या शत्रूची होत नाही. आपली फौजही त्याच मुलखावर जगत असते. संसर्गाशी लढणाऱ्या टी पेशींनाही ट्रिप्टोफॅन लागतंच. मग ही युक्ती उलटत कशी नाही? की ती कधी कधी उलटते, आणि कर्करोगासारखे आजार नेमका त्याचाच फायदा घेतात?

त्यात पुढे आणखी एक शंका मिसळली. टी पेशी थांबतात त्या रसद संपल्यामुळे, की अमिनो आम्ल मोडताना तयार होणाऱ्या पदार्थांनी त्यांना ‘थांबा’ असा सांगावा दिल्यामुळे? हा फरक वरवर बारीक वाटतो. पण औषध कुठे रोखायचं, रुग्णाला पूरक अमिनो आम्लं द्यायची की काढून घ्यायची, हे सगळं त्यावर ठरतं. या प्रश्नावर आज कोण कुठे उभं आहे, हे या लेखात पाहायचं आहे.

पोषणशास्त्रातून प्रतिकारशास्त्राकडे

ट्रिप्टोफॅन वेगळं काढलं ते केंब्रिजच्या फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स आणि सिडनी कोल यांनी, १९०१ साली. पाच वर्षांनी हॉपकिन्स यांनी उंदरांना मक्यातल्या झीन या एकाच प्रथिनावर ठेवून पाहिलं. झीनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतं. ते उंदीर जगत नसत. आहारात ट्रिप्टोफॅन मिसळलं तर जास्त काळ तग धरत. प्रथिनं बनतात ती वीस अमिनो आम्लांची, त्यांतली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत आणि ती अन्नातूनच यावी लागतात, हे ज्ञान पुढच्या काही दशकांत पक्कं झालं. १९३०च्या दशकात सिसिली विल्यम्स यांनी आजच्या घानामधल्या मुलांमधला क्वाशिओरकोर हा आजार वैद्यकापुढे मांडला. कुपोषित मुलं बहुतेक वेळा जुलाब, न्यूमोनिया, गोवर अशा संसर्गांनी दगावतात आणि त्यांच्या छातीतली थायमस ही टी पेशी घडवणारी ग्रंथी आक्रसलेली असते, हे डॉक्टर पाहत होते. प्रथिनं कमी पडली की प्रतिकारशक्ती ढासळते, एवढ्यावर तेव्हाची समज थांबत होती. विटा नाहीत म्हणून भिंत नाही, असा तो सरळ हिशोब.

पेशी विटा मोजतात कशा, हे कळल्यावर तो हिशोब गुंतागुंतीचा झाला. रापा नुई बेटाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून सुरेंद्र सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात रॅपामायसिन वेगळं केलं. बदललेलं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून ते पुढे वापरात आलं. हे औषध पेशीतल्या ज्या प्रथिनाला रोखतं त्याला एमटॉर असं नाव मिळालं, आणि हे एमटॉर म्हणजे पेशीचा कोठीकारभारी निघाला. ल्युसिन किती आहे, आर्जिनिन किती आहे याचा अंदाज घेऊन ते पेशीला वाढायचं की थांबायचं ते सांगतं. ल्युसिन ओळखणारं सेस्ट्रिन-२ आणि आर्जिनिन ओळखणारं कॅस्टर-१ ही दोन प्रथिनं २०१६ मध्ये स्पष्ट झाली. त्याआधी २०१३ मध्ये डोरीन कँट्रेल यांच्या डंडीतल्या प्रयोगशाळेने दाखवलं होतं, की ल्युसिनसारखी मोठी अमिनो आम्लं आत घेणारा एकच दरवाजा उंदराच्या टी पेशींमधून काढून टाकला, तर त्या जाग्याच होऊ शकत नाहीत. म्हणजे अमिनो आम्ल ही वीट तर आहेच, शिवाय ती बातमीसुद्धा आहे. इथून या क्षेत्राची भाषा बदलली.

ट्रिप्टोफॅन : वादाचं मूळ ठाणं

फेफरकॉर्न यांच्या बशीत ट्रिप्टोफॅन मोडणाऱ्या एन्झाइमचं लांबलचक नाव सोडून सगळे त्याला आयडीओ म्हणतात. क्योटोच्या ओसामू हायाइशी यांच्या प्रयोगशाळेत १९६०च्या दशकात ते सापडलं होतं. पण ते प्रकाशझोतात आलं १९९८ मध्ये, एका अगदी वेगळ्या प्रश्नामुळे.

पीटर मेदावर यांनी १९५३ मध्ये विचारलं होतं, की गर्भाची निम्मी ओळख बापाकडून आलेली, म्हणजे आईच्या प्रतिकार यंत्रणेच्या लेखी तो अर्धा परका. मग आईचं शरीर त्याला परक्या अवयवासारखं नाकारत का नाही? जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथले डेव्हिड मन आणि अँड्र्यू मेलर यांना वारेमध्ये आयडीओ भरपूर असल्याचं ठाऊक होतं. त्यांनी गाभण उंदरिणींना आयडीओ रोखणारा पदार्थ दिला. नर परक्या वंशाचा असेल तर गर्भ नष्ट झाले; नर-मादी एकाच वंशाचे असतील तर गर्भ सुखरूप राहिले. निष्कर्ष असा, की वार आपल्या आसपासचं ट्रिप्टोफॅन जाळते आणि आईच्या टी पेशींना उंबऱ्यावर थोपवते. फौजेला आवरण्यासाठी शरीर स्वतःच तिची रसद तोडतं, ही कल्पना अतिशय देखणी होती. २००३ मध्ये अनेक मानवी अर्बुदांतही आयडीओ सापडलं. वार जे बाळासाठी करते, ते कर्करोग स्वतःसाठी करतो, असं चित्र उभं राहिलं.

मग प्रश्न आला तो टी पेशींना नेमकं काय थांबवतं याचा. इथे तीन मतं आहेत आणि तिन्ही गंभीरपणे घ्यावी लागतात.

पहिलं मत रसदेचं. ट्रिप्टोफॅन संपलं की पेशीतलं जीसीएन-२ हे प्रथिन ते ओळखतं आणि दुभंगणं थांबवतं, असं ऑगस्टाच्याच गटाने २००५ मध्ये मांडलं. या मताची बाजू सरळ आहे, आणि बशीतल्या प्रयोगांत ते नीट दिसतं. अडचण अशी, की जिवंत शरीरात रक्त सतत नवीन ट्रिप्टोफॅन आणून ओतत असतं. एखाद्या कोपऱ्यात ते पेशी खरोखर उपाशी राहण्याइतकं कमी होतं का, याबद्दल शंका आहे. शिवाय जीसीएन-२ नसलेल्या टी पेशीही अर्बुदांपुढे बऱ्याच प्रमाणात तशाच वागतात, असं पुढच्या काही प्रयोगांत आढळलं.

दुसरं मत सांगाव्याचं. ट्रिप्टोफॅन मोडलं की कायन्युरेनिन तयार होतं. हा पदार्थ पेशीतल्या एका ग्राहकाला जाऊन चिकटतो. डायऑक्सिनसारखी विषं ओळखणारा म्हणून शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत असलेला हा ग्राहक जागा झाला, की टी पेशी लढाऊ न होता शांत करणाऱ्या होतात. इटलीतल्या पेरुजा इथल्या गटाने या पदार्थांचा परिणाम आधीच दाखवला होता. २०११ मध्ये हायडेलबर्गच्या संशोधकांनी मेंदूच्या ग्लायोमा अर्बुदांत हीच वाट दाखवली, आणि तिथे तर काम आयडीओचं नव्हतंच, यकृतात असणाऱ्या त्याच्या भाऊबंद एन्झाइमचं होतं. या मतावरचा आक्षेप मात्रेचा आहे. कायन्युरेनिन त्या ग्राहकाला सैलसर चिकटतं आणि परिणामासाठी लागणारी मात्रा रक्तातल्या मात्रेपेक्षा बरीच जास्त असते. कदाचित खरा सांगावा कायन्युरेनिनपासून अत्यल्प प्रमाणात बनणारे इतर पदार्थ नेत असतील.

तिसरं मत थोड्यांचं आहे, पण ते विसरून चालणार नाही. पेरुजाच्याच गटाने २०११ मध्ये दाखवलं, की आयडीओचं प्रथिन काहीही न मोडता, केवळ स्वतःच्या घडणीमुळे पेशीत आदेश पोचवू शकतं. तसं असेल तर एन्झाइमचं तोंड बंद करणारं औषध अर्धंच काम करणार.

आणखी एक निरीक्षण या सगळ्यांना अवघड जातं. आयडीओचं जनुकच नसलेले उंदीर पैदा केले गेले, आणि त्यांची पिल्लावळ व्यवस्थित होते. जन्मापासून एक रस्ता बंद असेल तर शरीर दुसरा शोधतं, हे त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण. ते पटण्यासारखं आहे, पण त्यामुळे १९९८च्या प्रयोगाचं वजन किती धरायचं हे ठरवणं सोपं राहिलं नाही.

हे सगळं खुलं असतानाच औषध रुग्णांपर्यंत पोचलं. आयडीओ रोखणाऱ्या एपॅकाडोस्टॅट या गोळीच्या सुरुवातीच्या चाचण्यांचे आकडे आशादायक होते, पण त्यांत तुलनेचा गट नव्हता. तुलना झाली ती पसरलेल्या मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ७०६ रुग्णांवर. सगळ्यांना पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला मोकळं करणारं औषध दिलं आणि निम्म्यांना सोबत एपॅकाडोस्टॅट. आजार पुढे सरकेपर्यंतचा काळ नव्या गोळीच्या गटात मध्यकानुसार ४.७ महिने आणि दुसऱ्या गटात ४.९ महिने निघाला. म्हणजे काहीच फायदा नाही. २०१८ मध्ये हे जाहीर झालं आणि या वर्गातल्या औषधांच्या इतर मोठ्या चाचण्याही धडाधड थांबवल्या गेल्या.

या अपयशाचा अर्थ काय, यावर एकमत नाही. काहींच्या मते कल्पनाच उंदरांपुरती खरी होती. काही म्हणतात मात्रा कमी पडली, किंवा ज्यांच्या अर्बुदांत आयडीओ होतं असे रुग्ण निवडायला हवे होते. काहींचं म्हणणं की एक एन्झाइम रोखलं तर भाऊबंद एन्झाइम तेच काम करणार. सांगावा पोचवणाऱ्या शेवटच्या ग्राहकालाच रोखायला हवं. मला यांतलं निवड न करण्याबद्दलचं म्हणणं सर्वांत वजनदार वाटतं. ज्या अर्बुदात ते एन्झाइमच नाही, त्याच्या रुग्णाला ही गोळी देऊन काय साधणार? पण निवड करून घेतलेली तेवढीच मोठी चाचणी झालेली नसल्यामुळे हे म्हणणंही सिद्ध झालेलं नाही. दरम्यान २०२४ मध्ये स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी आयडीओ रोखल्यावर अल्झायमरसदृश आजाराच्या उंदरांची स्मरणशक्ती सुधारल्याचं दाखवलं. कर्करोगात बाजूला पडलेल्या औषधांकडे मेंदूच्या आजारांसाठी पुन्हा पाहिलं जातं आहे.

आर्जिनिन : उंदराचं आणि माणसाचं वेगळेपण

आर्जिनिनची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. युटामधले जॉन हिब्स यांना १९८७ मध्ये दिसलं, की मॅक्रोफेज या भक्षक पेशी अर्बुदपेशींना मारू शकतात ते आर्जिनिन मिळत असेल तरच. पुढच्याच वर्षात उलगडा झाला, की आर्जिनिनपासून त्या नायट्रिक ऑक्साइड वायू बनवतात. पण त्याच आर्जिनिनला दुसरी वाट आहे. आर्जिनेज हे एन्झाइम त्याचं ऑर्निथिन आणि युरिया करतं, आणि ऑर्निथिनपासून जखम भरायला लागणारा माल तयार होतो. एका वाटेवर मारणं, दुसऱ्या वाटेवर सांधणं. चार्ल्स मिल्स यांनी २००० साली उंदरांच्या दोन वंशांमधला हाच फरक पाहून एम-१ आणि एम-२ असे मॅक्रोफेजचे दोन प्रकार सांगितले. ती विभागणी आता पाठ्यपुस्तकांत आहे, आणि प्रत्यक्षात पेशी या दोन टोकांच्या मध्ये अनेक ठिकाणी सापडतात हेही सर्वांना मान्य आहे.

अर्बुदाभोवती जमणाऱ्या काही पेशी आर्जिनेज सोडून आर्जिनिन संपवतात, आणि आर्जिनिनविना टी पेशींचा परका ओळखण्याचा ग्राहक अपुरा राहतो, हे पाउलो रॉड्रिगेझ आणि ऑगस्टो ओचोआ यांनी दाखवलं. २०१६ मध्ये रॉजर गायगर आणि सहकाऱ्यांनी उलट बाजू मांडली: भरपूर आर्जिनिन मिळालेल्या टी पेशी जास्त काळ टिकतात आणि उंदरांमधल्या अर्बुदांशी जास्त चांगल्या लढतात. इथवर चित्र सुसंगत आहे.

माणसाकडे आलं की ते बिघडतं. उंदराच्या मॅक्रोफेज बशीत नायट्रिक ऑक्साइडचा धूर काढतात. माणसाच्या तशाच पेशी त्याच परिस्थितीत फारच थोडं बनवतात. माणसाच्या प्रतिकारपेशींपैकी आर्जिनेज मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींच्या कणांमध्ये साठवलेलं असतं. क्षयरुग्णांच्या फुप्फुसातून काढलेल्या पेशींमध्ये मात्र नायट्रिक ऑक्साइडचं एन्झाइम दिसतं. म्हणजे माणसाला ही कला येते, पण ती केव्हा वापरली जाते हे बशीतून कळत नाही.

क्षयाच्या उपचारात याची परीक्षा झाली. इथिओपियातल्या गोंदर इथे औषधांसोबत आर्जिनिन दिल्यावर एचआयव्ही नसलेल्या रुग्णांची प्रकृती लवकर सुधारल्याचं २००३ मध्ये नोंदलं गेलं. मग त्याच गटाने आर्जिनिनसाठी रुग्णांना शेंगदाणे दिले, कारण शेंगदाण्यात ते भरपूर असतं आणि ते स्वस्त आहेत. एकूण रुग्णांमध्ये ठळक फायदा दिसला नाही. इंडोनेशियाच्या पापुआमध्ये आर्जिनिन आणि ड जीवनसत्त्व देऊन झालेल्या चाचणीतही नाही. आर्जिनिनचा सगळ्यात ठोस औषधी उपयोग उलट दिशेने झाला आहे, ते काढून घेण्याचा. मेसोथेलियोमा या फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगात बऱ्याच अर्बुदांना आर्जिनिन बनवता येत नाही. रक्तातलं आर्जिनिन मोडणारं एन्झाइम केमोथेरपीसोबत दिल्यावर २४९ रुग्णांच्या चाचणीत आयुष्याचा मध्यक ७.७ वरून ९.३ महिन्यांवर गेला. फायदा थोडा आहे, पण खरा आहे.

ग्लुटामिन : अतिदक्षता विभागातला धक्का

या क्षेत्रातला सर्वांत महाग धडा ग्लुटामिनने दिला, म्हणून त्याच्याजवळ थोडं थांबायला हवं. रक्तात मोकळ्या रूपात सर्वाधिक असणारं अमिनो आम्ल हेच. १९८०च्या दशकात ऑक्सफर्डचे एरिक न्यूशोम यांनी दाखवलं, की टी पेशी ज्यांत मोडतात त्या लिम्फोसाइट पेशी ग्लुटामिन मोठ्या प्रमाणावर वापरतात. गंभीर आजारात, भाजल्यावर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रक्तातलं ग्लुटामिन घटतं. घटलेलं भरून काढलं तर प्रतिकारशक्ती सावरेल, हा विचार इतका स्वाभाविक होता की अनेक अतिदक्षता विभागांनी ते वापरायला सुरुवातही केली होती. छोट्या चाचण्यांचे निकाल चांगले होते.

२०१३ मध्ये कॅनडा, अमेरिका आणि युरोपातल्या ४० अतिदक्षता विभागांतल्या १२२३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. हे रुग्ण एकाहून अधिक अवयव निकामी झालेले, कृत्रिम श्वासावरचे. ग्लुटामिन दिलेल्यांपैकी २८ दिवसांत ३२.४ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी २७.२ टक्के. सहा महिन्यांचा फरक आणखी स्पष्ट होता: ४३.७ विरुद्ध ३७.२ टक्के. पूरक म्हणून दिलेल्या गोष्टीने मृत्यू वाढले होते. भाजलेल्या रुग्णांत तरी ते उपयोगी असेल, ही आशा २०२२ पर्यंत टिकली. सुमारे १२०० रुग्णांच्या चाचणीत तिथेही घरी जाण्याच्या दिवसांत फायदा दिसला नाही.

असं का झालं? एक म्हणणं असं, की त्या रुग्णांपैकी अनेकांचं ग्लुटामिन मुळात कमी नव्हतं, आणि यकृत-मूत्रपिंड थकलेले असताना जास्तीच्या नत्राचा भार त्यांना झेपला नाही. दुसरं म्हणणं अधिक खोल आहे: गंभीर आजारात ग्लुटामिन घटणं हा बिघाड नसून शरीराने स्वतःहून केलेली काटकसर असू शकते. पहिल्या म्हणण्याला आकड्यांचा आधार आहे. दुसरं अजून तर्काच्या पातळीवर आहे.

कर्करोगात या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. ग्लुटामिनची भूक लागलेल्या अर्बुदांची ती वाट बंद केली तर टी पेशीही उपाशी मरतील, अशी भीती होती. २०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या जोनाथन पॉवेल यांच्या गटाने उंदरांमध्ये ग्लुटामिनचा वापर रोखला तेव्हा अर्बुदं कोलमडली, आणि टी पेशींनी मात्र दुसरं इंधन वापरून स्वतःला सावरलं, इतकंच नाही तर त्या जास्त तल्लख झाल्या. त्याच वाटेतलं एक एन्झाइम रोखणारी गोळी मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर मात्र निष्प्रभ ठरली.

एक जुनं यश

या सगळ्या गोंधळात एक औषध पन्नासहून अधिक वर्षं ठाम उभं आहे. १९५३ मध्ये जॉन किड यांना दिसलं, की गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांमधली लसिकापेशींची अर्बुदं विरघळतात. दहा वर्षांच्या आत त्यामागचं एन्झाइम सापडलं: अ‍ॅस्पॅराजिनेज. लहान मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातल्या पेशींना अ‍ॅस्पॅराजिन पुरेसं बनवता येत नाही. रक्तातलं मोडून टाकलं की त्या मरतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८०च्या दशकात सुरू झालेल्या एमसीपी-८४१ या उपचारक्रमात ते होतं, आणि त्या उपचारक्रमाने भारतातल्या असंख्य मुलांचं भवितव्य पालटलं. त्या औषधाने टी पेशीही दबतात, हे १९७०च्या सुमारास कळलं होतं. त्याचा अर्थ लावण्याचं काम आज नव्याने सुरू आहे. रसदेचं मत इथे निर्विवाद खरं ठरतं, कारण इथे रसद एका कोपऱ्यात नाही, सगळ्या रक्तातून तोडलेली असते.

क्षय, ज्वारी आणि ताट

भारतीय वाचकाला सर्वांत जवळची बाजू संसर्ग आणि कुपोषणाची. क्षयाचा जंतू रसद तोडण्याला बधत नाही, कारण तो ट्रिप्टोफॅन स्वतः बनवतो. हार्वर्डच्या एरिक रुबिन यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं, की त्याची ही क्षमता काढून घेतली तर टी पेशी त्याला मारू शकतात. क्षयरुग्णांच्या रक्तात ट्रिप्टोफॅन कमी आणि कायन्युरेनिन जास्त दिसतं. म्हणजे शरीर मुलूख जाळतं आहे, पण शत्रूचं काही बिघडत नाही. माकडांमध्ये आयडीओ रोखल्यावर क्षय जास्त आटोक्यात आल्याचं २०१८ मध्ये नोंदलं गेलं. टॉक्सोप्लाझ्मात जे शस्त्र आहे, ते क्षयात ओझं ठरत असावं.

अन्नाची बाजू पाहायची तर आधी ज्वारीकडे वळावं लागतं. ट्रिप्टोफॅन मोडण्याच्या याच वाटेवर पुढे नायसिनचं काम भागवणारे पदार्थ बनतात. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायसिन. ते कमी पडलं की पेलाग्रा होतो: ऊन लागणाऱ्या जागी त्वचा काळवंडते, जुलाब होतात, मन भ्रमतं. जगभर तो मका खाणाऱ्यांचा आजार म्हणून ओळखला जात होता. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरीब कष्टकऱ्यांमध्ये तो दिसत होता, आणि ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतकं कमी नसतं. हैदराबादच्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं, की ज्वारीत ल्युसिन फार असतं आणि ते ट्रिप्टोफॅनच्या या वाटेत अडथळा आणतं. इतर देशांतल्या काही प्रयोगांत हा परिणाम दिसला नाही आणि वाद मिटला नाही. आज ल्युसिन, ट्रिप्टोफॅन आणि प्रतिकारशक्ती यांचं नातं पेशीच्या पातळीवर मोजता येत असताना, हैदराबादचा तो साठहून अधिक वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा हाती घेण्यासारखा आहे, असं मला मनापासून वाटतं.

२०१२ मध्ये व्हिएन्नाच्या योसेफ पेनिंगर यांच्या गटाने एक अनपेक्षित दुवा जोडला. आतड्यातलं एसीई-२ हे प्रथिन, जे पुढे कोविडच्या विषाणूचं दार म्हणून घराघरांत माहीत झालं, ट्रिप्टोफॅन आत घेणाऱ्या दरवाजाला आधार देतं. ते नसलेल्या उंदरांमध्ये आतड्याचा दाह वाढतो, तिथले जिवाणू बदलतात, आणि ट्रिप्टोफॅनचा पुरवठा केल्यावर दाह कमी होतो. जिवाणूही स्वस्थ नसतात: ट्रिप्टोफॅनपासून ते जे पदार्थ बनवतात ते आतड्याच्या अस्तराचं बुरशीपासून रक्षण करतात, हे पेरुजाच्या गटाने दाखवलं आहे.

मग गोळ्या-पावडरी घ्याव्यात का? १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेणाऱ्या दीड हजारांहून अधिक लोकांना स्नायूंचा आणि रक्तपेशींचा एक गंभीर आजार झाला आणि तीसहून अधिक दगावले. संशय उत्पादनात शिरलेल्या अशुद्ध द्रव्यावर आला. निरोगी माणसाने सुटं अमिनो आम्ल घेतल्याने संसर्ग टळतात, याला भक्कम पुरावा नाही.

अख्ख्या अन्नाबद्दलचा पुरावा मात्र भारतातूनच आला आहे. अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना दरमहा शिधा दिला: तांदूळ, डाळ, सूक्ष्म पोषकद्रव्यं. दहा हजारांहून अधिक घरच्या माणसांवर लक्ष ठेवलं. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निकालात शिधा मिळालेल्या घरांत नव्याने होणारा क्षय ३९ टक्क्यांनी, आणि संसर्ग पसरवणारा क्षय ४८ टक्क्यांनी कमी होता.

अजून काय उलगडलेलं नाही

पहिली अडचण जागेची आहे. रक्तातला आकडा पेशीच्या दाराशी काय आहे हे सांगत नाही. उंदरांच्या अर्बुदांत पेशींच्या मधल्या जागेतला द्रव काढून मोजला तेव्हा आर्जिनिन फार खालावलेलं दिसलं, पण बरीच इतर पोषकद्रव्यं अपेक्षेपेक्षा टिकून होती. २०२१ मध्ये असंही दिसलं, की उंदरांच्या अर्बुदांत सर्वाधिक ग्लुटामिन कर्कपेशी घेतात आणि सर्वाधिक ग्लुकोज भक्षक पेशी. म्हणजे कोण कुणाची रसद खातं, याचं आजवरचं गृहीतक पेशीपेशीला तपासावं लागणार. माणसात अशी मोजणी अजून थोडीच आहे.

दुसरी अडचण प्राण्यांची. टॉक्सोप्लाझ्माशी लढताना माणसाच्या पेशी ट्रिप्टोफॅन जाळतात, उंदराच्या पेशी मुख्यतः वेगळीच प्रथिनं वापरतात. ज्या प्राण्यावर औषधं पारखायची, त्याची लढाईची रीतच निराळी.

रसद की सांगावा, याचं एकच उत्तर मिळण्याची शक्यता मला कमी वाटते. अ‍ॅस्पॅराजिनमध्ये रसद, ट्रिप्टोफॅनमध्ये बहुधा दोन्ही, आणि आजारागणिक प्रमाण वेगळं. पण हे ‘बहुधा’ रुग्णाच्या कामाचं नाही. कोणत्या रुग्णात काय चाललं आहे हे ओळखणारी तपासणी हवी. तशीच गरज कुपोषणातही आहे. मलावीतल्या खुजं राहिलेल्या मुलांच्या रक्तात नऊही अत्यावश्यक अमिनो आम्लं कमी आढळली. ती ताटात कमी पडली, आतड्याने शोषली नाहीत, की सततच्या दाहात जळून गेली, हे त्या आकड्यांवरून कळत नाही, आणि तीन कारणांचे उपाय तीन वेगळे आहेत. झारखंडमधल्या घरांत शिधा पोचल्यावर क्षय कमी झाला, हे पक्कं आहे. त्यातल्या डाळीतल्या कोणत्या अमिनो आम्लाने कोणत्या पेशीत काय बदललं, हे मोजण्यासाठी ती चाचणी आखलेली नव्हती.